किंमत पावणेनऊ हजार, पगार आठ

1929 च्या जून महिन्यात लंडनच्या आर्सेनल क्लबने प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबला 8,750 पौंड मोजले आणि ॲलेक्स जेम्स नावाचा स्कॉटिश फुटबॉलपटू आपल्याकडे आणला. खेळाडूचा पगार मात्र होता तिथेच राहिला. हंगाम चालू असताना आठवड्याला 8 पौंड आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत 6, म्हणजे वर्षाकाठी सुमारे 386 पौंड. एका क्लबने दुसऱ्या क्लबला त्याच्यासाठी दिलेली रक्कम स्वतः कमवायची, तर त्याला 22 वर्षांहून जास्त खेळावं लागलं असतं. आयपीएलचा लिलाव पाहून ज्यांना खेळाडूंच्या किमतीची सवय झाली आहे, त्यांनी इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आयपीएलमध्ये हातोडा पडतो तो खेळाडूच्या मानधनावर. फुटबॉलमधली ट्रान्सफर फी जाते आधीच्या क्लबच्या तिजोरीत. म्हणजे जेम्सची बाजारातली किंमत पावणेनऊ हजार होती, पण त्या बाजारात तो विक्रेताही नव्हता आणि गिऱ्हाईकही नव्हता. तो माल होता.

ब्रिटिश फुटबॉलच्या आठवणींत ॲलेक्स जेम्स उरला आहे तो एका अर्कचित्रासारखा. बुटका, साडेपाच फुटांचा, केस मधोमध विंचरलेले, बाह्या मनगटापाशी बटण लावून घट्ट केलेल्या आणि गुडघ्यांखाली लोंबणारी ढगळ चड्डी. चड्डीची कारणं दोन सांगतात. एक म्हणजे त्याला संधिवाताचा त्रास होता, म्हणून पाय उबेत ठेवायला. दुसरं असं की ‘डेली मेल’चा व्यंगचित्रकार टॉम वेब्स्टर याने त्याला तशा चड्डीत काढलं, ते जेम्सला इतकं आवडलं की त्याने चित्राबरहुकूम चड्डीच मोठी करून घेतली. याच चित्राला जोडून दुसरं एक चित्र येतं, लहरी माणसाचं: करारावर सही करायला आढेवेढे घेणारा, मॅनेजरशी हुज्जत घालणारा, सामन्याच्या दिवशी उशिरापर्यंत झोपणारा. कलावंत म्हटला की तऱ्हेवाईकपणा आलाच, असं म्हणून लोक हे हसून सोडून देतात. मला हे सोडून द्यावंसं वाटत नाही. त्याच्या कारकिर्दीतल्या तारखा आणि आकडे शेजारी शेजारी मांडले, तर ज्याला लहर म्हटलं जातं ते बरंचसं मजुरीसाठी केलेलं भांडण होतं असं दिसतं. भांडणाचे सरळ मार्ग नियमांनी बुजवलेले होते, म्हणून ते आडवळणाने झालं, इतकंच.

जेम्सचा जन्म 14 सप्टेंबर 1901 चा, स्कॉटलंडच्या लॅनार्कशर परगण्यातल्या मॉसेंड गावचा. हा कोळसा आणि पोलाद यांचा पट्टा. पोरगा शाळेतून सुटला की खाणीत किंवा भट्टीवर जाणार हे ठरलेलं, आणि जेम्सही शाळा संपल्यावर पोलादाच्या कारखान्यात लागला. मॉसेंडला लागूनच बेल्सहिल. तिथल्या शाळेत त्याचा दोस्त होता ह्यूई गॅलाकर, पुढे स्कॉटलंडचा सर्वांत घातक सेंटर-फॉरवर्ड म्हणून गाजलेला. मँचेस्टर युनायटेड घडवणारा मॅट बझबी याच परिसरातला, वयाने काही वर्षं लहान. एवढ्याशा टापूत इतकी गुणी पोरं कशी निपजली, याचं एक उत्तर स्कॉट लोक ‘टॅनर बा’ या शब्दात देतात. टॅनर म्हणजे सहा पेन्सचं नाणं, बा म्हणजे बॉल. सहा पेन्सला मिळणारा लहान चेंडू घेऊन अरुंद गल्लीत, दगडी फरसावर, वीस-वीस पोरांच्या गर्दीत खेळायचं. तिथे धावायला जागा नसते, म्हणून चेंडू पायाला चिकटवून ठेवावा लागतो, समोरच्याला खांद्याच्या हुलकावणीने चकवावं लागतं. शिवाय स्कॉटलंडला पासची परंपरा होती. इंग्लंडमध्ये जो तो चेंडू घेऊन एकटा पुढे मुसंडी मारत असतानाच्या काळात, 1870 च्या दशकात, ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने चेंडू एकमेकांना देत पुढे जाण्याची पद्धत रूढ केली. पुढे इंग्लिश क्लब असे खेळाडू आणायला गाडीभाडं खर्चून स्कॉटलंडला माणसं धाडू लागले. जेम्स या दोन्ही गोष्टींचा वारसदार होता, हुलकावणीचाही आणि पासचाही. हे त्याचं कसब होतं, आणि खाणीतल्या किंवा भट्टीवरच्या कसबी माणसाला आपल्या हाताची किंमत माहीत असते तशी त्यालाही आपल्या पायांची माहीत होती.

1922 मध्ये तो कर्कॉल्डीच्या रेथ रोव्हर्सकडे गेला.    1925 मध्ये प्रेस्टनने जेम्सला विकत घेतलं. प्रेस्टन हे इंग्लिश लीगचं पहिलं विजेतं नाव, पण तेव्हा क्लब नुकताच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला होता आणि जेम्स तिथे असेपर्यंत वर आलाच नाही. तो इनसाइड-लेफ्ट खेळायचा, म्हणजे सेंटर-फॉरवर्ड आणि डावा विंगर यांच्या मधला माणूस. चार हंगामांत लीगचे 147 सामने आणि पन्नासहून अधिक गोल. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तो कामाला येणार आहे.

आता नियमांकडे वळू. इंग्लिश लीगमध्ये 1901 पासून कमाल पगाराची मर्यादा होती. सुरुवातीला ती आठवड्याला 4 पौंड, महायुद्धानंतर 1920 मध्ये 9 झाली आणि दोनच वर्षांत कापून 8 वर आणली. सामना जिंकला तर वर 2 पौंड, बरोबरी झाली तर 1. देशातला सर्वोत्तम खेळाडू असो की बरा खेळाडू, छप्पर तेच. बरं, आठ पौंडांवर समाधान नाही तर दुसऱ्या क्लबकडे जावं, तर तीही सोय नव्हती. करार एका हंगामाचा असे, पण तो संपल्यावरही खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात राही. क्लबने त्याला ‘राखून’ ठेवलं तर तो लीगमध्ये दुसरीकडे खेळू शकत नसे, मग जुन्या क्लबने त्याला पगार दिलेला असो वा नसो. हर्बर्ट किंगबी नावाच्या खेळाडूने याविरुद्ध ॲस्टन व्हिलाला कोर्टात खेचलं आणि 1912 मध्ये तो हरला. त्याआधी 1909 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी, बिली मेरेडिथसारखी बडी नावं त्यांत होती, युनियन सोडायला नकार दिला म्हणून क्लबने त्यांना निलंबित केलं होतं. युनियन तगली, पण पगाराचं छप्पर जागेवरच राहिलं. म्हणजे कोर्टाची वाट बंद, युनियन दुबळी आणि क्लब सोडून जाण्याची मुभा नाही. अशा वेळी खेळाडूच्या हातात एकच पत्ता उरतो: सही न करणं. हंगाम तोंडावर आला असताना घरी बसून राहणं. जेम्सने हा पत्ता पुन्हा पुन्हा टाकला.

प्रेस्टनशी त्याचं बिनसलं ते पैशावरून, तसंच देशासाठी खेळण्यावरून. शनिवारी लीगचा सामना आणि त्याच दिवशी स्कॉटलंडचा, असं झालं की इंग्लिश क्लब आपला माणूस सोडायला कां-कूं करत. त्याच्या नावावर आंतरराष्ट्रीय सामने अवघे आठ आहेत, त्यामागे हेही एक कारण. पण त्या आठांतला एक असा आहे की बाकी साऱ्या हयातीत काही केलं नसतं तरी त्याचं नाव राहिलं असतं. 31 मार्च 1928, वेम्बली. पावसाने भिजलेलं मैदान आणि इंग्लंडविरुद्ध स्कॉटलंडची बुटकी आघाडी: ॲलेक्स जॅक्सन, जिमी डन, ह्यूई गॅलाकर, ॲलेक्स जेम्स आणि ॲलन मॉर्टन. पाचांत सर्वांत उंच जॅक्सन, तोही पाच फूट सात इंच. स्कॉटलंडने 5-1 असा सामना जिंकला, जॅक्सनचे तीन गोल, जेम्सचे दोन. त्या संघाला ‘वेम्बली विझर्ड्स’ हे नाव कायमचं चिकटलं, आणि गंमत म्हणजे ते अकरा जण एकत्र पुन्हा कधीच खेळले नाहीत. या अकरांतले आठ जण इंग्लिश लीगमधल्या क्लबांचे पगारी नोकर होते. जेम्स तर दुसऱ्या डिव्हिजनमधला. ऐंशी हजार प्रेक्षकांनी त्या दुपारी पाहिलं की हा माणूस चुकीच्या जागी अडकून पडला आहे. त्याची किंमत वाढली ती तेव्हा, आणि पुढच्या वर्षी ती प्रेस्टनने वसूल केली.

आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन. आठ पौंडांहून जास्त तोही देऊ शकत नव्हता, मग जेम्सने त्याच्याकडे का जावं? उत्तर निघालं लंडनमध्ये. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या प्रसिद्ध दुकानात जेम्सला खेळाच्या सामानाच्या विभागात गिऱ्हाइकांना प्रात्यक्षिक दाखवण्याची नोकरी मिळाली, वर्षाला 250 पौंडांची. 386 मध्ये 250 मिळवले की कमाई एकदम दोनतृतीयांशाच्या जवळपास वाढली. हा पगार क्लबचा नव्हता, म्हणून नियम मोडला असं म्हणता येत नव्हतं. लीगने चौकशी केली, व्यवहार मान्य झाला. आर्सेनलवर नजर असण्याचं कारणही ताजं होतं. क्लबचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांच्यावर 1927 मध्ये फुटबॉल असोसिएशनने बंदी घातली होती, आणि आरोपांपैकी एक असा की चार्ली बकन या खेळाडूला आणताना त्याला टेबलाखालून पैसे दिले. म्हणजे आधी जे चोरून दिलं जात होतं, ते आता दुकानाच्या काउंटरवरून उजळमाथ्याने दिलं गेलं. नियम कडक असला की पळवाटही तितकीच देखणी होते. पण ही पळवाट कुणाच्या कामाची होती तेही पाहा. लंडनमध्ये मोठं दुकान होतं, नाव विकलं जाईल असं गिऱ्हाईक होतं. प्रेस्टनच्या किंवा कर्कॉल्डीच्या खेळाडूला ती कुठून मिळणार? समतेच्या नावाने लावलेलं छप्पर शेवटी श्रीमंत क्लबांच्याच पथ्यावर पडलं.

जेम्स एवढा महाग का होता, हे समजायला खेळातला एक बदल समजून घ्यावा लागतो. 1925 च्या उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूला पास मिळताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे तीन जण असावे लागत, आता दोन पुरले. बचाव एकदम उघडा पडला. लीगमधल्या गोलांची संख्या एका वर्षात सुमारे एक तृतीयांशाने वाढली. तीन वर्षांत डिक्सी डीनने एका हंगामात 60 गोल करून दाखवले. याला उतारा म्हणून संघांनी मधल्या फळीतल्या सेंटर-हाफला मागे खेचून दोन फुलबॅकच्या मध्ये उभं केलं. बचाव सावरला, पण मैदानाच्या मध्यभागी भगदाड पडलं, कारण चेंडू पुढे खेळवायचं काम आजवर हाच सेंटर-हाफ करत आला होता. ते भगदाड बुजवायला इनसाइड-फॉरवर्ड मागे आणायचे. चॅपमनने हेच काम जेम्सला सांगितलं: गोल करायच्या जागेपासून तीस-चाळीस यार्ड मागे राहा, आपल्या बचावाकडून चेंडू घे, आणि डाव्या बाजूला क्लिफ बॅस्टिन, उजव्या बाजूला ज्यो ह्यूम हे जे दोन वारू आहेत त्यांच्यापुढे नेमका टाक. पन्नास गोल करून आलेल्या माणसाला गोल विसरायला सांगणं सोपं नव्हतं. पहिला हंगाम अवघड गेला, संघ लीगमध्ये चौदावा आला. तरी त्याच हंगामाअखेर, 26 एप्रिल 1930 रोजी, वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात जेम्सने एक फ्री किक झटक्यात बॅस्टिनला दिली, पुढे धावत जाऊन चेंडू परत घेतला आणि गोल केला. समोर हडर्सफील्ड, चॅपमनचाच जुना क्लब. आर्सेनल 2-0 असं जिंकलं आणि इतिहासातला त्यांचा पहिला मोठा चषक घरी आला.

त्यानंतर जेम्सचे स्वतःचे गोल जवळजवळ आटले. आर्सेनलसाठी लीगचे 231 सामने, गोल 26. प्रेस्टनमध्ये साधारण तीन सामन्यांमागे एक, इथे नऊ सामन्यांमागे एक. आकड्यांवर जाणारा हिशेबनीस म्हणेल, माणूस संपला. पण त्याच्या भोवतीचे आकडे पाहा. 1930-31 च्या हंगामात आर्सेनलने 42 सामन्यांत 127 गोल केले आणि पहिल्यांदा लीग जिंकली. जॅक लॅम्बर्टचे 38, डेव्हिड जॅकचे 31, बॅस्टिनचे 28. बॅस्टिनने तर दोन वर्षांनी 33 केले, आणि तो विंगर होता, गोलपोस्टसमोर उभा राहणारा माणूस नव्हे. पुढे 1933, 1934, 1935 अशी सलग तीन वर्षं लीग आर्सेनलचीच. गोलासाठी पास कुणी दिला याची नोंद त्या काळी कुणी ठेवत नसे, त्यामुळे जेम्सच्या कामाचा थेट पुरावा कागदावर नाही. अप्रत्यक्ष पुरावा म्हणून 1932 चा वसंत घ्या. जेम्स जखमी झाला. आर्सेनल लीगमध्ये एव्हर्टनच्या मागे दुसरं आलं आणि कपच्या अंतिम सामन्यात, जेम्स संघात नसताना, न्यूकॅसलकडून 1-2 असं हरलं. (न्यूकॅसलच्या पहिल्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता हे छायाचित्रांवरून पुढे दिसलं, आणि आर्सेनलवाले ते कधी विसरले नाहीत.) आणखी एक गोष्ट. 1935 मध्ये, गोल करायचं विसरला म्हणून चिडवला जाणाऱ्या या माणसाने शेफील्ड वेन्सडेविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल ठोकले. जमत होतं. तो करत नव्हता, कारण त्याचं काम दुसरं होतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हे सारं चॅपमनचं कर्तृत्व, जेम्स हा त्याच्या यंत्रातला एक सुटा भाग, असं अनेकांचं म्हणणं. शिवाय जानेवारी 1933 मध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या वॉल्सॉलने आर्सेनलला कपमधून 2-0 असं बाहेर काढलं, तेव्हा जेम्स मैदानावरच होता. मग त्याची जादू कुठे गेली? यातला पहिला भाग मी अर्धा मान्य करतो. जेम्सला मागे आणण्याची कल्पना चॅपमनची, आणि चॅपमनशिवाय तो कदाचित दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गोल करत म्हातारा झाला असता. पण चॅपमन 6 जानेवारी 1934 रोजी न्यूमोनियाने गेला. ती लीग आर्सेनलने जिंकली, पुढचीही जिंकली, आणि 1936 चा कप जिंकला तेव्हा संघाचा कर्णधार होता जेम्स. यंत्र बांधणारा गेल्यावर यंत्र दोन-अडीच वर्षं चालत राहिलं, ते आतल्या माणसांच्या जोरावर. वॉल्सॉलबद्दल म्हणाल, तर त्या दिवशी दुखणी आणि आजारपणामुळे आर्सेनलने काही नवखी पोरं उतरवली होती. पुढे धावणाऱ्यांसाठी चेंडू टाकणारा माणूस, पुढे धावणारे नेहमीचे नसले तर निम्मा होतो. यातून त्याचं मोल कमी ठरत नाही, ते इतरांवर अवलंबून होतं एवढं ठरतं. आणि नेमकं असंच मोल मोजणं सर्वांत कठीण असतं. गोल करणाऱ्याकडे दाखवायला आकडा असतो. गोल घडवणाऱ्याला आपली किंमत तोंडाने सांगावी लागते, आणि ती सांगितली की लोक त्याला तोंडाळ म्हणतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. 1930 च्या दशकात ब्रिटन मंदीत होतं, लॅनार्कशरच्या खाणी आणि भट्ट्या थंडावल्या होत्या, आणि कसबी कामगाराला आठवड्याला तीन-साडेतीन पौंड मिळाले तरी तो सुखी. अशा काळात आठ पौंड कमी म्हणणाऱ्याचं दुःख ते काय? हे खरं आहे, आणि जेम्स गरीब होता असा माझा दावाही नाही. पण मजुरी रास्त आहे की नाही हे शेजाऱ्याच्या मजुरीवरून ठरत नसतं, ज्या धंद्यात ती मिळते त्या धंद्याच्या कमाईवरून ठरतं. 9 मार्च 1935 रोजी आर्सेनलच्या हायबरी मैदानावर संडरलंडविरुद्धचा सामना पाहायला 73,295 माणसं आली. त्या काळी सर्वांत स्वस्त तिकीट एक शिलिंग, आणि वीस शिलिंगांचा पौंड. मुलांची सवलत वजा करून, हात आखडून हिशोब केला तरी त्या एका दुपारचा गल्ला तीन हजार पौंडांच्या वरच जाईल. मैदानावरच्या अकरा जणांचा आठवड्याचा पगार मिळून 88 पौंड. यावर क्लबांचं उत्तर ठरलेलं होतं: आम्ही नफेखोर नाही, भागधारकांना लाभांश किती द्यायचा यावरही असोसिएशनची मर्यादा आहे. तेही खरंच. पैसा मालकांच्या खिशात गेला नाही, तो विटांत गेला. 1932 मध्ये हायबरीला नवा वेस्ट स्टँड उभा राहिला, खर्च पन्नास हजार पौंड. 1936 मध्ये ईस्ट स्टँड, खर्च एक लाख तीस हजार. लंडनच्या भुयारी रेल्वेने जवळच्या स्टेशनचं नाव बदलून ‘आर्सेनल’ ठेवलं. ईस्ट स्टँडच्या संगमरवरी दालनात येणारा पाहुणा त्या वैभवाने दिपून जाई. ते ज्यांच्या खेळावर उभं राहिलं, त्यांच्या कारकिर्दी गुडघा दगा देईपर्यंतच्या होत्या. पस्तिशीनंतर त्यांना दुसरा धंदा शोधावा लागे, आणि बहुतेकांच्या शोधात सापडे तो दारूचा गुत्ता चालवण्याचा.

आता त्या प्रसिद्ध लहरींकडे पुन्हा पाहता येईल. सामन्याच्या दिवशी दुपारपर्यंत झोपण्याची सवलत जेम्सला होती, इतरांना नव्हती. आर्सेनलमध्ये शिस्त कडक होती, आणि बाकीच्यांनी ही सवलत चालवून घेतली याची गंमत वाटते. माझ्या मते तिचा अर्थ सरळ आहे. चॅपमन पैसे देऊ शकत नव्हता, म्हणून त्याने मान दिला. जिथे पगार सर्वांना सारखा असतो तिथे दर्जा दाखवायला झोप, खोली, शब्दाचं वजन अशा गोष्टी चलनासारख्या वापरल्या जातात. सरकारी कचेरीत ज्याने काम केलं आहे त्याला हे निराळं सांगायला नको. 1931 मध्ये जेम्सने पुन्हा सहीवरून ताणून धरलं, तेव्हाची एक गोष्ट सांगतात. चॅपमनने त्याला म्हटलं, थकलायस, क्लबच्या खर्चाने जरा समुद्रसफर करून ये. जेम्स सामान घेऊन धक्क्यावर पोचला तर समोर प्रवासी जहाज नव्हतं, बोर्दोला जाणारं मालवाहू जहाज होतं. परत आल्यावर त्याने सही केली. ही गोष्ट हसण्यासाठी सांगितली जाते, चॅपमनचा मिस्कीलपणा म्हणून. जरा बाजू बदलून पाहिली तर त्यात दिसतो तो असा कामगार, ज्याने काम थांबवून धरलं आणि ज्याला मालकाने गोड बोलून, थोडं खिजवून वठणीवर आणलं. दोघांनाही ठाऊक होतं की आठ पौंडांचा आकडा त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात नाही. तरी भांडण व्हायचं ते व्हायचंच, आणि दर वेळी त्यातून जेम्सच्या पदरात काहीतरी पडायचं.

यात एक बाजू अशी आहे जी मला झाकून ठेवता येत नाही. जेम्स भांडला तो स्वतःसाठी. युनियनचा झेंडा त्याने हाती घेतला नाही. सेल्फ्रिजेसचे 250 पौंड एकट्या जेम्सचे होते, आणि ज्यांच्या घामावर त्याचे पास फळत होते ते जॅक लॅम्बर्टसारखे साधे, मेहनती गडी ठरलेल्या पगारावर खेळून निवृत्त झाले. त्याला लढवय्या ठरवणं म्हणजे त्याच्या माथी नको ते मोठेपण मारणं होईल. तरीही त्याचं एकट्याचं भांडण निरर्थक नव्हतं, कारण त्याने एक गोष्ट सर्वांसमोर उघडी पाडली: पगाराचं छप्पर सर्वांना सारखं आहे ही समजूत खोटी होती, मोठी नावं आणि मोठे क्लब ते वाकवतच होते. त्याचा शाळूसोबती गॅलाकर पाहा. त्याला 1930 मध्ये चेल्सीने दहा हजार पौंडांना विकत घेतलं. न्यूकॅसलकडून त्याने 174 सामन्यांत 143 गोल केले होते, आणि चेल्सीच्या जर्सीत तो पहिल्यांदा न्यूकॅसलला परतला तेव्हा तिथल्या मैदानावर 68 हजारांहून जास्त गर्दी झाली, ती त्या मैदानावरची विक्रमी ठरली. तो गोल करणारा होता, त्याची किंमत कुणाला समजावून सांगायला नको होती. तरी त्याच दशकात तो दिवाळखोर झाला आणि 1957 मध्ये गेट्सहेडजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. त्याच्या शोकांतिकेला दारू आणि घरची दुःखं अशी दुसरीही कारणं होती. सगळं खापर आठ पौंडांवर फोडता येणार नाही.

जेम्सचं पुढचं आयुष्य शांत गेलं. 1937 मध्ये तो निवृत्त झाला. 1939 च्या उन्हाळ्यात पोलंडच्या राष्ट्रीय संघाला शिकवायला गेला. त्या ऑगस्टच्या 27 तारखेला पोलंडने हंगेरीला 4-2 असं हरवलं, आणि पाचच दिवसांनी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. युद्धात तो तोफखान्यात होता, नंतर वर्तमानपत्रांत लिहू लागला, आणि 1949 मध्ये आर्सेनलने त्याला पुन्हा बोलावलं, पोरांना शिकवायला. 1 जून 1953 रोजी कर्करोगाने तो गेला, वय 51. खेळाडूंच्या युनियनने संपाची धमकी देऊन कमाल पगाराचं छप्पर उडवलं ते जानेवारी 1961 मध्ये, तेव्हा ते 20 पौंडांवर होतं. ‘राखून’ ठेवण्याची पद्धत बेकायदा ठरायला 1963 पर्यंत थांबावं लागलं. जॉर्ज ईस्टहॅम न्यूकॅसलविरुद्ध कोर्टात गेला, आणि किंगबी जे हरला होता ते त्याने जिंकलं. छप्पर उडाल्यावर आठवड्याला शंभर पौंड घेणारा इंग्लंडमधला पहिला खेळाडू ठरला फुलहॅमचा जॉनी हेन्स. गोल तोही करायचा, पण त्याची ख्याती होती मैदानाच्या मध्यातून विंगरच्या पुढ्यात नेमके पडणाऱ्या लांब पासांची. खेळायचा इनसाइड-लेफ्ट, जेम्सच्याच जागी.